बाहेर बसून ओढा

"अक्का, ही बिडी हाय का पिपाणी?"

अण्णारावांनी दोऱ्याने बांधलेल्या बिड्यांच्या कट्ट्यातली एक बिडी उपसून गोजरबाईच्या डोळ्यांपुढे धरली आणि दोन बोटांत चिमटली. बिडी चपटी झाली. आत तंबाखूचा कणही नव्हता. पान नीट कापलेलं, नीट वळलेलं, तोंड मुडपलेलं, वर दोराही बांधलेला. फक्त आत माल भरायचाच राहून गेला होता. रांगेतल्या बायका खो खो हसल्या. गोजरबाईही हसली. हसली नाही तर काय करणार बिचारी?

अण्णारावांनी दुसरा कट्टा सोडला. त्यातल्या बिड्या इतक्या गच्च भरलेल्या की पान उकललं होतं. तिसऱ्यात दोन बिड्यांना दोरा उलट्या टोकाला होता. आता मात्र रांगेतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या. सोलापूरजवळच्या कुंभारीत बिडी कंपनीच्या ब्रँचमध्ये बिड्या तपासून घ्यायचं काम अण्णाराव कित्येक वर्षं करत होते, आणि गोजरबाईचा कट्टा त्यांनी कधी सोडून पाहिला नव्हता. तिचा माल म्हणजे डोळे मिटून घ्यायचा माल. नव्या पोरींना ते तिच्या बिड्या दाखवून दरडावत, "बघा, ह्याला वळणं म्हणत्यात."

"नजर गेलीया, अण्णाराव," गोजरबाई म्हणाली. "चष्मा बदलायला पायजे."

"इंद्रजीतला सांग की अक्का," मागून मायाक्का म्हणाली. मायाक्का तिची जुनी जोडीदारीण, रोजची वाटेतली सोबत. "लेक गाडी चालवतोय, पैसं मिळवतोय, आयला एक चष्मा न्हाय?"

पण नजरेचं काही नव्हतं, हे गोजरबाईला ठाऊक होतं. बिडी काय डोळ्यांनी वळतात होय? ती वळते बोटांनी. बोटांना कळत होतं की पान रिकामं आहे, आणि डोकं म्हणत होतं, भरलं की मगाशीच. दोघांत कोण खोटं बोलतंय हे गेले काही महिने तिला समजेनासं झालं होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

अण्णारावांनी नापास झालेल्या बिड्या तिच्या टोपलीत टाकल्या. नापास मालाला छाट म्हणतात. दुसरीकडे छाट कंपनी ठेवून घेते म्हणे, पण हे अण्णाराव ती परत देत, आणि कुंभारीच्या बिडी कामगारांच्या वसाहतीत छाट कुणी उकिरड्यावर टाकत नसे. छाट घरच्या पुरुषाची. बायको वळणार, चुकलेलं नवरा ओढणार, असा रिवाजच पडला होता. गोजरबाईच्या घरी पूर्वी छाट चिमूटभर यायची. आता टोपलीचा तळ झाकला जात होता.

घरी दाराजवळच्या लोखंडी खाटेवर तिचा नवरा सिद्राम टपूनच बसला होता.

"काय आणलंस?" त्याने टोपलीत हात घातला. गच्च भरलेली एक बिडी काढून कानाशी फिरवली, नाकाशी नेली. "आयला! आज तर दसराच की. गोजरे, तुजा हात बिगडला आन् माजं नशीब उघाडलं बग."

हा विनोद त्याने पहिल्यांदा केला तेव्हा ती हसली होती. आता तो रोज करतो. त्याने काडी ओढली, बिडी पेटवली, आणि धूर नेहमीसारखा खोलीत पसरत गेला.

गोजरबाई मंद्रूपची. लग्न होऊन सोलापुरात आली ती भवानी पेठेतल्या एका खोलीत. सिद्राम तेव्हा मिलमध्ये होता. शेजारणींनी तिला बिडी वळायला शिकवलं आणि त्यासोबत एक पक्का नियमही शिकवला. सूप मांडीवर घेतलं की खिडकी बंद, दार लोटलेलं, पंखा बंद. वारा लागला की तंबाखू उडते, भिजवलेलं पान वाळतं आणि वळताना तुटतं. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा ती घामाने निथळत बंद खोलीत वळत बसे. सिद्राम पाळीवरून आला की त्याच खोलीत पाय पसरून बिडी ओढे. एक विझायच्या आत दुसरी. धूर जाणार कुठे? तिच्या केसांत, धुणं वाळत टाकायच्या दोरीवर, भाकरीच्या टोपल्यात. इंद्रजीत तान्हा असताना रात्रभर खोकायचा, तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली होती, "अवो, जरा भाईर बसून वडा की."

"भाडं कोण भरतंय?" सिद्राम म्हणाला होता.

स्वतः गोजरबाईने जन्मात बिडी ओठाला लावली नाही. गंमत म्हणूनसुद्धा नाही. जोडीच्या काही बायका दुपारी आडोशाला एखादी ओढत, मिश्री तर सगळ्याच लावत. ही नाही. "वास पुरतोय मला," म्हणायची.

पुढे मिल बंद पडली. सिद्राम एका यंत्रमाग कारखान्यावर राखणदार झाला, मग गुडघे धरले आणि तेही सुटलं. घर चाललं ते गोजरबाईच्या बोटांवर. आणि मग बिडी कामगार बायकांसाठी कुंभारीला घरं झाली. एका मापाची, एका रंगाची, रांगेने उभी. घर बाईच्या नावावर. गोजरबाईचं नाव दारावरच्या पाटीवर लागलं तेव्हा तिची छाती केवढी फुगली होती! पहिल्याच संध्याकाळी धीर करून ती म्हणाली, "आता घर माज्या नावावर हाय. आता तरी भाईर बसून वडा."

सिद्राम इतका हसला की त्याला ठसका लागला. "घर तुजं, खाट माजी," तो म्हणाला आणि खाटेवर बसून त्याने बिडी पेटवली. झालं. पाटीचा मान तेवढ्यावर संपला.

आणि आता, टोपलीतली छाट वाढत असतानाच, एक चूक झाली. अशी चूक त्या वसाहतीतच होऊ शकते.

एकदा ब्रँचहून परतताना मायाक्का वाटेत दुकानाशी थांबली आणि गोजरबाई एकटी पुढे निघाली. वळणं घेतली, दार आलं, चपला काढल्या, आत गेली. सूप होतं, ओलं पान होतं, कातर होती. ती भिंतीला टेकून बसली आणि वळू लागली. बोटं भराभर चालली. अर्धा-पाऊण कट्टा झाला असेल, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आज श्वास कसा खाली पोटापर्यंत जातोय. घशात खवखव नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. हे चौकात गेलेले दिसतात, तिने मनात म्हटलं. बरं झालं बाई. आणि कितीतरी वर्षांनी ती वळता वळता गुणगुणू लागली.

"अगं बया! गोजरक्का, तू माज्या सुपावर कशी बसलीस?"

मोरीतून ओल्या हाताने तानाबाई बाहेर आली होती. घर तानाबाईचं होतं, पलीकडच्या रांगेतलं. तिचा नवरा बिडीला शिवतसुद्धा नव्हता. गोजरबाईने आजूबाजूला पाहिलं. भिंत वेगळी, देव वेगळे, फोटो वेगळे. मांडीवरचं सूप तिने घाईने खाली ठेवलं.

तानाबाई वाईट नव्हती. तिने चहा केला, हात धरून घरी पोचवलं. पण गोष्ट पोटात ठेवील ती तानाबाई कसली! संध्याकाळपर्यंत नळावर बातमी झाली. "गोजरक्कानं दुसऱ्याच्या घरात बिड्या वळल्या, आन् त्याबी झ्याक! आपल्या घरी मातूर पोकळ!" बायका पोट धरधरून हसल्या. सिद्राम तर खाटेवर लोळला. "आता एक दिवस दुसऱ्याच नवऱ्याला जेवाय वाढशील!"

हसली नाही ती फक्त वैजयंती, इंद्रजीतची बायको. ती शहरात शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. कामावरून येताना नळावरच तिने सगळं ऐकलं. घरात येऊन ती सासूजवळ बसली.

"आत्या, खरं सांगा. तुमाला घर वळखलं न्हाय?"

"वळखलं की," गोजरबाई म्हणाली. "बरं वाटलं, म्हनून बसले." मग पदराने तोंड दाबून ती रडू लागली. "वैजू, माज्या डोक्यातनं कायतरी गळाय लागलंय गं. रोज थोडं थोडं. धराय गेलं की हाताला लागत न्हाय."

वैजयंतीने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. शहरातल्या डॉक्टरणीकडे तिघं गेली. सिद्रामला कुणी बोलावलं नव्हतं, पण बायका त्याच्यामागे काय बोलतील याची त्याला धास्ती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी तीन शब्द ध्यानात ठेवायला सांगितले. आंबा, घोडा, खुर्ची. मग इकडचं तिकडचं विचारलं. वार कोणता, गाव कोणतं. मग म्हणाल्या, "आजी, मघाचे शब्द सांगा बघू."

"आंबा," गोजरबाई म्हणाली आणि थांबली. "आंबा आमच्या मंद्रूपला बांधावर व्हता. लई ग्वाड." पुढचे दोन शब्द कुणी तिला दिलेच नव्हते जणू. ती कावरीबावरी होऊन सुनेकडे बघू लागली. तिला सगळ्यांदेखत उघडं पडल्यागत झालं.

"तंबाखू, मिश्री, विडी, काही आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ती वळती, वडत न्हाय," सिद्रामने परस्पर उत्तर दिलं. "वडतो मी. पोरसवदा वयापासनं वडतोय. आन् मी बगा की, ठणठणीत! मिलमधल्या माज्या खात्यातल्या एकेकाचं नाव सांगतो, बापाच्या नावासकट. वडतोय मी आन् इसरती ही. आता बोला!"

"घरात ओढता?"

"मग काय रस्त्यावर?"

"खिडकी उघडी असते?"

"खिडकी हीच लावती की!" सिद्राम विजयाने म्हणाला. "हिच्या तंबाकूला वारा चालत न्हाय. इचारा तिला. मी कवा लावली न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी वैजयंतीला समजावून सांगितलं. विसरण्याचा आजार नेमका कशाने झाला ते एका बोटाने दाखवता येत नाही. वय आहे, रक्तदाब आहे. पण धूर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो, आणि तो काय फक्त ओढणाऱ्याच्याच छातीत जात नाही. बंद खोलीत वर्षानुवर्षं शेजारी बसून जो तो घेतो, त्यालाही या आजाराचा धोका वाढतो. सगळ्यांना सारखं होत नाही. कुणी सुटतो, कुणी सापडतो. "गोळ्या देते, रक्तदाबाचंही बघू. गेलंय ते परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण उरलंय ते जपायचं असेल तर घरातला धूर आजपासून बंद. आणि बाबा, तुम्हीही सोडा. तुमचीही पाळी येऊ शकते."

परतीच्या रिक्षात कुंभारी जवळ आली तसा सिद्रामला कंठ फुटला. "नेमकं ह्यानंच झालं असं न्हाय म्हनाली. ऐकलंस न्हवं, वैजयंती? तिनंच सांगितलं." एवढ्या बोलण्यातलं तेवढंच वाक्य त्याने उचलून घरी आणलं होतं.

घरी आल्यावर खाटेवर बसून त्याने सवयीने काडीपेटी काढली. गोजरबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. नवऱ्यापुढे अशी ती कधी उभी राहिली नव्हती.

"अवो, माजं एक ऐका. मी तुमास्नी कवा काय मागितलं न्हाय. लुगडं न्हाय, डागिना न्हाय. एकच मागत आले, ते तुमी कवा दिलं न्हाय. आता माजं डोस्कं चाललंय. ते हाय तवर मला एकदा बगायचंय. तुमी उठलाय, भाईर गेलाय, आन् पायरीवर बसून वडलीय. येवढंच."

"आन् लोक काय म्हनतील?" सिद्राम उसळला. "पायरीवर बसलेला बघून सगळी रांग इचारंल, का हो सिद्राम, बायकूनं भाईर काढला व्हय? मी काय कुत्रं हाय दारात बसाय?"

"मग मी काय धुराडं हाय?"

 उत्तर सुचलं नाही की सिद्राम बिडी पेटवत असे. त्याने पेटवली.

"मामा, मी पाया पडते तुमच्या," वैजयंती म्हणाली. "डॉक्टरीणबाई काय म्हनाल्या ते—"

"तू गणवेश शिव जा!"

इंद्रजीत ट्रक घेऊन बाहेरगावी होता. वैजयंतीने फोनवर सगळं सांगितलं, फोन बापाच्या कानाला लावला. "आण्णा, भाईर वडा की," इंद्रजीत म्हणाला. आवाजात जोर नव्हता. असणार कसा? त्याच्याही खिशात तंबाखूची पुडी होती.

मग गोजरबाईने एकटीने लढाई मांडली. छाट त्याच्या हाती लागू नये म्हणून टोपलीतली छाट तिने पान भिजवायच्या पाण्यात बुचकळली. सिद्रामने टपरीवरून बंडल आणलं. तिने काडीपेटी लपवली. तो गॅसवर बिडी पेटवायला आला, ती शेगडीपुढे हात पसरून उभी राहिली. अख्खी रांग दारात जमली. मायाक्काने सिद्रामला तोंडावर झापलं, "लाज वाटू दे जरा! तिच्या जिवावर खातोस आन् तिच्याच नाकात धूर सोडतोस?" दोन दिवस घरात बिडी पेटली नाही. वैजयंतीला वाटलं, जमलं.

पण सिद्राम मोठा हुशार माणूस. त्याला एक गोष्ट चटकन कळली. हिच्याशी भांडायची गरजच नाही. नुसतं थांबायचं. सकाळी ती चिडलेली असते, चहा होईतो धुसफुसते, दुपार कलली की कशासाठी चिडलो हेच तिला आठवत नाही. मग काडी ओढायची. इतकं सोपं! ज्या धुराने तिची आठवण खाल्ली, त्याच धुराला तिचं विसरणं आता पोसत होतं. आणि हा गृहस्थ मजेत खाटेवर वाट बघत बसायचा. असल्या माणसाला काय म्हणावं?

वैजयंतीच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिने रोज कामावर जायच्या आधी सासूची उजळणी घ्यायला सुरुवात केली.

"आत्या, मामांना आज काय सांगायचं?"

"काय गं?"

"आठवा की. बिडीचं."

गोजरबाई कपाळाला आठ्या घालून शोधायची. सापडलं की चेहरा उजळायचा. "व्हय व्हय! भाईर बसून वडा म्हनायचं!"

"शाब्बास. इसरू नगा हं."

"कसं इसरेन? जलमभर तेच तर सांगत आले."

आणि विसरायची. आपल्या हक्काचा राग, तोसुद्धा तिला दुसऱ्याने आठवून द्यावा लागत होता. हे तिला मधूनच कळायचं आणि मग ती भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. "इसरायचंच व्हतं तर ह्या मुडद्याला इसरले असते!" ती ओरडायची. "माजं भांडनच का इसरते मी?"

एकदा वैजयंती दारातून आत आली तर सिद्राम खाटेखाली काडीपेटी शोधत होता आणि गोजरबाई त्याच्याबरोबर शोधत होती. तिला सापडली. तिने ती पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली. "घ्या. हितंच तर व्हती." वैजयंती तशीच मोरीत गेली आणि दार लावून रडली. आपली सून का रडते हे गोजरबाईला कळेना. बाहेरून ती म्हणत राहिली, "काय झालं गं पोरी? कोन बोललं तुला?"

उन्हाळ्याच्या सुरुवातीला अण्णाराव स्वतः घरी आले. दारातच उभे राहिले. "अक्का, लई वळल्या तुमी," ते म्हणाले. "आता इस्वाटा घ्या."  पान-तंबाखू देणं बंद झालं. सूप मात्र गोजरबाईने सोडलं नाही. वैजयंती गणवेशाच्या कापडाची कात्रणं आणून द्यायची आणि गोजरबाई ती मापात कापून, वळून, दोरा बांधून रांगेने लावायची. खाकी, निळ्या, चौकटीच्या बिड्या. वारा लागायची भीती आता उरली नव्हती, तरी ती खिडकी लावूनच बसे. सिद्राम खाटेवर असे, आणि खोलीत धूर.

त्या दुपारी ऊन असं होतं की रांगेत चिटपाखरू नव्हतं. वैजयंती कामावर गेली होती. सिद्राम झोपून उठला, खाटेवर बसला, त्याने बिडी पेटवली. गोजरबाईने सुपावरून मान वर केली.

खाटेवर एक म्हातारा माणूस बसला होता. दाढीचे खुंट वाढलेले, बंडीची बटणं उघडी. कधी आला, कसा आला, तिला कळलं नाही. तिने घाईने पदर डोक्यावर घेतला, सूप बाजूला ठेवलं आणि उठून उभी राहिली.

"कोन पावनं म्हनायचं?"

"आं?" सिद्राम हसला. "गप गोजरे. नाटकं करू नगं."

परक्या माणसाने असं एकेरी हाक मारावी? तिने पदर आणखी पुढे ओढला. पण घर तिचं होतं, तिने आवाज चढू दिला नाही. "पावनं, बसायचं तर बसा. पानी देते. पर ती बिडी तेवडी इझवा. आमच्या घरात बिडी वडत न्हाईत. मालकास्नी चालत न्हाय."

"कुनाला चालत न्हाय?"

"आमच्या मालकास्नी." तिच्या आवाजात मान होता. "सौताची बिडीसुदीक ते भाईर पायरीवर बसून वडत्यात. पोरगं तान्हं व्हतं, खोकायचं. मी एकदाच म्हनले, अवो, जरा भाईर बसून वडा की. तवापास्नं घरात काडी पेटली न्हाय. अशे हायेत आमचे मालक. ह्या रांगेत कुनालाबी इचारा."

सिद्रामची बिडी बोटांत तशीच राहिली.  "गोजरे, मीच की गं. मी सिद्राम."

तिने दोन पावलं मागे घेतली. आता मात्र ती घाबरली होती. "त्यांचं नाव कशाला सांगता, बाबा? ते भाईर गेल्यात, येतील इतक्यात. तुमी उठा बगू. उठा, न्हायतर मायाक्काला हाळी मारते."

सिद्राम थांबला. थांबलं की ही विसरते, हे त्याला पाठ होतं. त्याने वाट पाहिली. बिडी जळत बोटांपर्यंत आली, चटका बसला, तरी तो थांबला. गोजरबाई समोर तशीच उभी होती, एक हात दाराकडे केलेला. या वेळी ती काहीही विसरायला तयार नव्हती. तिच्या मालकाचा शब्द होता ना!

म्हाताऱ्याने खाटेच्या कडेला हात दिला. गुडघे कुरकुरले. भिंतीला धरून तो उठला, चपलांकडेही न बघता दाराबाहेर गेला आणि तापलेल्या पायरीवर बसला. गोजरबाईने ते सगळं नीट पाहिलं. तिला त्याची दयाच आली. माणूस गरीब दिसतोय, एका शब्दात उठला.

घरातला धूर हळूहळू निघून गेला. गोजरबाई खाटेवर टेकली. श्वास कसा खाली पोटापर्यंत जात होता. कितीतरी वेळ ती नुसती बसून राहिली. आपले मालक यायची वाट बघत होती.

वैजयंती कामावरून आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पायरीवर सासऱ्याला पाहून ती थबकली. हातात न पेटवलेली बिडी, पाय अनवाणी. येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती आणि तो मान खाली घालून बसला होता.

"मामा? तुमी भाईर?"

सिद्रामने वर पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "मालक घरी न्हाईत म्हनं," तो म्हणाला. "आल्याबिगर आत घेत न्हाय."

वैजयंतीला सगळं कळलं. ती आत गेली. गोजरबाई खाटेवर मांडी घालून बसली होती, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. ती सुनेकडे बघून हसली. ही कुठली पोरगी हे तिला नेमकं आठवलं नसावं, पण ओळखीची वाटली असावी.

"आलीस का बाई? त्या भाईरच्या बाबाला घोटभर च्या दे. कवाधरनं उन्हात बसलाय." मग तिने सुनेला जवळ बोलावलं आणि घरातली गोष्ट सांगावी तशा हळू आवाजात म्हणाली, "आन् वाटंत आमचं हे कुटं दिसलं तर सांग. आज घरात लई बरं वाटतंय म्हनावं. लवकर या."